दुखणं पाठीत, मूळ भलतीकडे

इजिप्तचा सम्राट दुसरा रामसेस नव्वदीच्या घरात पोचला, ६६ वर्षं गादीवर बसला आणि मेल्यानंतर तीन हजार वर्षांनी त्याच्या पाठीचं निदान बदललं. १९७६ मध्ये त्याच्या ममीला बुरशी लागली म्हणून तिला थेट पॅरिसला उपचारांसाठी नेलं होतं. त्या काळातल्या क्ष-किरण फोटोंवरून डॉक्टरांनी ठरवलं, की महाराजांना अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस होता, म्हणजे मणके एकमेकांना जखडून टाकणारा वात. पुढे सीटी स्कॅन आला. २०१४ मध्ये कैरोच्या रेडिओलॉजिस्ट सहर सलीम आणि पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांनी ते स्कॅन तपासून सांगितलं, की आजार तो नव्हेच, हा तर ‘डिश’!

‘डिश’ हे डॉक्टरांच्या बोलण्यातलं लघुरूप. १९५० मध्ये जाक फॉरेस्टिए आणि जाउमे रोतेस-केरोल या दोघांनी या आजाराचं नीट वर्णन केलं. मणक्यांच्या पुढच्या बाजूने हाडाचा जादा थर चढत जातो, मेणबत्तीचं वितळलेलं मेण ओघळून थिजावं तसा. पाठ ताठरते, मान वळवताना त्रास होतो, क्वचित घास गिळतानाही अडखळायला होतं. आणि हा थर सगळ्यात जास्त कुणाच्या पाठीत दिसतो? उतारवयातल्या, वजनदार, टाइप २ मधुमेह असलेल्या माणसांच्या.

आता यातली खरी गंमत. छातीच्या भागातल्या मणक्यांवर हा थर बहुतेकदा उजव्याच बाजूला चढतो. कारण डाव्या बाजूला हृदयातून निघालेली महाधमनी धडधडत असते आणि तिच्या ठोक्यांपुढे हाड तिथे टिकत नाही, असं मानतात. पुरावा? ज्या मोजक्या माणसांचे अवयव जन्मतःच उलट्या बाजूला असतात, हृदय उजवीकडे आणि यकृत डावीकडे, त्यांच्यात हा थर डावीकडे चढलेला सापडला आहे.

जगात २०२० साली ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. त्यातल्या साधारण ९० टक्के लोकांच्या दुखण्यामागे एकच एक आजार बोट ठेवून दाखवता येत नाही. स्नायू, सांधे, बसण्याची पद्धत, ताण, झोप अशा अनेक गोष्टींचा तो गुंता असतो आणि बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत ओसरतं. हा लेख उरलेल्या मंडळींबद्दल आहे. ज्यांच्या घरात औषधांचा डबा कायम भरलेला असतो, मधुमेह, दमा, आमवात, किडनी, सिकलसेल यांपैकी काहीतरी सोबतीला असतं, त्यांच्या पाठीत कळ आली की “वय झालं” किंवा “गादी सरकली असेल” एवढ्यावर विषय मिटवला जातो. माझं म्हणणं आहे की मिटवू नये. दुखणं किती वाजता येतं, कसं बसल्यावर थांबतं, सोबत कोणती गोळी चालू आहे, यात कारणाचा माग लपलेला असतो. आणि तो माग काढणं भलतंच रंजक आहे.

पहाटे तीनला जाग आणणारी पाठ

साध्या कंबरदुखीचा नियम सोपा: काम केलं की दुखतं, आडवं झालं की बरं वाटतं. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसची चाल याच्या अगदी उलटी. आराम केला की दुखणं वाढतं आणि हालचाल केली की उतरतं. रुग्ण रात्रीच्या उत्तरार्धात कळेने जागा होतो, उठून घरात येरझाऱ्या घालतो, मग थोडं बरं वाटतं. सकाळी अर्धा-पाऊण तास किंवा त्याहून जास्त वेळ पाठ आखडलेली. गरम पाण्याने आंघोळ झाली की गाडी रुळावर.

हे दुखणं तरुणांचं आहे. बहुतेकदा ४५ वर्षांच्या आत, अनेकदा विशीतच सुरू होतं. म्हणूनच ते हुकतं. कॉलेजातल्या मुलाची पाठ सकाळी आखडते म्हटल्यावर घरचे मोबाइलला आणि रात्रीच्या जागरणाला दोष देतात. निदानाला वर्षंच्या वर्षं जातात.

१९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे एकच शोध लावला, की या रुग्णांमध्ये एचएलए-बी२७ नावाचं जनुक फार मोठ्या प्रमाणात सापडतं. तेव्हापासून ही रक्ततपासणी प्रसिद्ध झाली आणि तिच्याबद्दल गैरसमजही वाढले. हे जनुक असलेल्या बहुसंख्य लोकांना हा आजार आयुष्यात कधीच होत नाही. अहवालावर ‘पॉझिटिव्ह’ शब्द वाचून रात्रभर रडणाऱ्यांना हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं.

या आजाराचे नातेवाईकही पाठीपासून लांब राहतात. एक डोळा अचानक लाल होऊन दुखणं, उजेड सहन न होणं. आतड्याचा जुना दाह, म्हणजे क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस. त्वचेवरचा सोरायसिस. कोलायटिसचा रुग्ण पोटाच्या डॉक्टरांकडे जातो, डोळ्याचा रुग्ण डोळ्याच्या, आणि पाठीचं गाऱ्हाणं कुठेच सांगितलं जात नाही, कारण “त्याचा याच्याशी काय संबंध?” संबंध आहे, आणि घट्ट आहे. सोरायसिस असलेल्या माणसाची पाठ सकाळी आखडत असेल तर त्याने ते त्वचेच्या डॉक्टरांनाही सांगावं. ते पुढे संधिवाततज्ज्ञांकडे पाठवतील.

राष्ट्राध्यक्षांचा पट्टा

जॉन केनेडी यांचा तरुण, टवटवीत चेहरा जगाने पाहिला. शर्टाच्या आतला कंबरेचा पट्टा फार थोड्यांनी पाहिला. १९४७ मध्ये लंडनला त्यांच्या ॲडिसनच्या आजाराचं निदान झालं. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी काम करेनाशा होतात आणि शरीराला लागणारं कॉर्टिसॉल बाहेरून द्यावं लागतं, आयुष्यभर. त्यात पाठ आधीपासूनच बिघडलेली. १९५४ मध्ये त्यांच्या पाठीत धातूची पट्टी बसवली. जंतुसंसर्ग झाला, ते बेशुद्धीत गेले, धर्मगुरूंना बोलावून अखेरचे विधी झाले. ते त्यातून वाचले आणि पुढच्या वर्षी ती पट्टी काढून टाकावी लागली.

१९५५ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात एक केस छापून आली: ३७ वर्षांचा पुरुष, ॲडिसनचा आजार, पाठीची मोठी शस्त्रक्रिया आणि तिच्यातून सहीसलामत सुटका. नाव नव्हतं. तो निनावी रुग्ण म्हणजे केनेडीच होते, हे पुढे उघड झालं. स्टिरॉइडमुळे त्यांचे मणके ठिसूळ झाले होते का, यावर इतिहासकार आणि डॉक्टर अजून वाद घालतात. गोष्टीचा उरलेला भाग मला जास्त आवडतो. व्हाइट हाउसच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी त्यांना झुलती खुर्ची सुचवली आणि ती खुर्ची जगप्रसिद्ध झाली. १९६१ च्या अखेरीस हान्स क्राउस नावाचे एक गिर्यारोहक डॉक्टर आले. त्यांनी इंजेक्शनांपेक्षा नेमाने व्यायामावर भर दिला आणि केनेडींच्या पाठीला बऱ्याच वर्षांनी उतार पडला.

स्टिरॉइडकडे वळू, कारण दीर्घ आजारातल्या पाठदुखीचं हे मोठं आणि हमखास विसरलं जाणारं कारण आहे. १९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी आमवाताने खिळलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत ती चालायला लागली. दोनच वर्षांत, १९५० मध्ये, हेंच, केंडाल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. इतक्या झटपट नोबेल क्वचितच मिळतं! औषध खरोखरच जीव वाचवणारं आहे. दमा, ल्युपस, आमवात, किडनीचे काही आजार यांत आजही त्याच्याशिवाय चालत नाही. पण ते हाडांतून कर वसूल करतं. आणि सुरुवातीच्या काही महिन्यांतच सगळ्यात वेगाने. त्याचा पहिला मारा मणक्यांवर, कारण मणक्यातलं हाड आतून जाळीदार असतं.

मग एक दिवस बादली उचलताना, कधी नुसतं शिंकताना, मणका दबतो. कळ येते, आणि घरातले म्हणतात, “उसण भरली असेल.” त्याहून चकित करणारी गोष्ट अशी, की मणक्यांचे सुमारे दोन तृतीयांश फ्रॅक्चर कुणाच्या लक्षातच येत नाहीत. हाड मोडतं आणि माणसाला पत्ता नसतो! पत्ता लागतो तो उंचीवरून. तरुणपणीच्या उंचीतून चार सेंटीमीटरहून जास्त घट झाली, साडीच्या निऱ्या किंवा पायजमा जमिनीवर लोळू लागला, तर मणक्यांचा फोटो काढून घ्यावा. घरच्या घरी करायची आणखी एक तपासणी आहे. टाचा भिंतीला लावून ताठ उभं राहायचं. डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकत नसेल तर पाठीला बाक आलाय, डॉक्टरांना दाखवायला हवं.

इथे दोन गोष्टी ठणकावून सांगते. एक, हे वाचून स्टिरॉइडची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. बऱ्याच दिवसांची गोळी अचानक थांबवली तर जिवावर बेतू शकतं, कारण शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं थांबवलेलं असतं. तीन महिन्यांहून जास्त काळ गोळ्या चालणार असतील तर हाडांची घनता तपासायची का, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडं टिकवणारं औषध लागेल का, हे विचारा. दुसरी, दम्याच्या पंपाला घाबरू नका. पंपातली मात्रा गोळीच्या तुलनेत फारच कमी असते आणि ती थेट फुफ्फुसात जाते. भीती बाळगायची असेल तर सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांची बाळगा. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे आणि घेणाऱ्याला आपण काय घेतोय हेच ठाऊक नसतं.

जाता जाता आमवाताबद्दल. हाताची बोटं सुजवणारा हा आजार कणा धरतो तेव्हा मान धरतो, अगदी वरचे दोन मणके. कंबरेला तो सहसा हात लावत नाही. म्हणून आमवाताच्या रुग्णाची कंबर दुखू लागली तर दुसरं कारण शोधायला हवं, आणि भूल घ्यायची वेळ आली तर मानेबद्दल भूलतज्ज्ञांना आधीच सांगायला हवं.

आमोनचा पुजारी आणि संध्याकाळचा ताप

रामसेसनंतर दीड-दोनशे वर्षांनी इजिप्तमध्येच नेसपेरेहान नावाचा आमोन देवाचा पुजारी होऊन गेला. त्याच्या ममीचं वर्णन १९१० मध्ये प्रसिद्ध झालं: मणके खचून पाठीला कुबड, आणि पोटाच्या मागच्या सोआस स्नायूत उतरलेलं मोठं गळू. हे चित्र आजच्या कुठल्याही सरकारी रुग्णालयातल्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं तर ते क्षणात म्हणतील, मणक्याचा टीबी.

लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये कुबड आणि पायांचा लुळेपणा यांची सांगड घातली. जंतू तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हता, तो रॉबर्ट कॉख यांनी दाखवला १८८२ मध्ये. क्ष-किरणंही नव्हती. पॉटनी नुसतं डोळ्यांनी पाहून हे ओळखलं आणि आजाराला त्यांचंच नाव पडलं.

जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे, आणि हाडांच्या टीबीत निम्म्याच्या आसपास कणाच सापडतो. खोकला असेलच असं नाही. पाठ दुखते, रात्री जास्त. संध्याकाळी बारीक ताप, घाम, वजन उतरतं, भूक मरते. कधी जांघेत गाठ येते, जी लाल नसते, गरम नसते आणि फारशी दुखतही नाही. रुग्ण ती हर्निया समजून दाखवायला जातो. प्रत्यक्षात तो मणक्यातून स्नायूच्या वाटेने खाली उतरलेला पू असतो, नेसपेरेहानचंच गळू.

दीर्घ आजाराचा धागा इथे पक्का आहे. मधुमेह असलेल्यांना टीबी होण्याचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो. आणि मघाच्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसवर जी नवी महागडी इंजेक्शनं देतात, त्यांतली काही शरीरात झोपलेला टीबी जागा करू शकतात. म्हणून ती सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात. पाठीच्या एका आजाराचं औषध पाठीच्या दुसऱ्या आजाराला वाट करून देतं, यापेक्षा विलक्षण योगायोग मला माहीत नाही.

मणक्याच्या टीबीचे उपचार लांबतात, अनेकदा वर्षभर किंवा जास्त, पण तो बरा होतो. सरकारी दवाखान्यात औषधं फुकट मिळतात. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० मिळतात. आणि फुफ्फुसात टीबी नसेल तर मणक्यातला टीबी शेजारी बसणाऱ्याला होत नाही. घरातल्या सुनेचं ताट वेगळं मांडणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

नागीण गोल का फिरत नाही

आपल्याकडे पक्कं बसलेलं भय: नागिणीची दोन्ही टोकं जुळली की माणूस दगावतो. वस्तुस्थिती अशी, की ती टोकं जवळपास कधीच जुळत नाहीत. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू कण्याच्या शेजारी मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दबा धरून बसतो, कधी पन्नास-साठ वर्षं. वय, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं यांनी पहारा ढिला झाला की एका मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो. तो मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला असतो आणि मधल्या रेषेवर संपतो. म्हणून पुरळही तिथेच थांबतं.

पाठदुखीशी याचा संबंध काय? पुरळ उठण्याआधी काही दिवस पाठीच्या एका बाजूला नुसती आग होते. कपडा लागला तरी सहन होत नाही आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पुरळ दिसलं की ७२ तासांच्या आत विषाणूवरचं औषध सुरू झालं तर उत्तम. आणि पुरळ आलंच नाही तर? दीर्घकाळच्या मधुमेहात छाती-पाठीच्या एखाद्या मज्जातंतूला इजा होऊन हुबेहूब अशीच आग होऊ शकते. हृदयाच्या, पोटाच्या, पित्ताशयाच्या साऱ्या तपासण्या निर्दोष येतात आणि मूळ असतं साखरेत.

पार्किन्सनच्या पाठदुखीचं घड्याळ आणखी वेगळं. काहींची पाठ गोळीचा अंमल उतरला की आखडते आणि पुढची गोळी लागू पडली की सैल होते. दोन दिवस वेळा लिहून काढल्या तर न्यूरॉलॉजिस्टचं निम्मं काम होतं.

न दिसणारी कळ

नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट. इथल्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल म्हणजे काय हे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. भारतात हा आजार पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरातल्या लोकांमध्ये सापडला, आणि मग मध्य भारताच्या पट्ट्यात तो किती पसरलाय ते कळत गेलं. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. हाडात असं झालं की जी कळ येते तिचं वर्णन करताना मोठी माणसंही रडतात. पाठ आणि कंबर या तिच्या ठरलेल्या जागा.

मणक्याच्या मध्यभागाचा रक्तपुरवठा सगळ्यात नाजूक असतो, म्हणून तो खचतो आणि कडा शाबूत राहतात. क्ष-किरण फोटोत मणका इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखा दिसतो, आणि रेडिओलॉजिस्ट निव्वळ तेवढ्यावरून आजार ओळखू शकतो. पण हा बदल व्हायला काळ जातो. त्याआधीच्या कित्येक झटक्यांत फोटो साफ असतो, ताप नसतो, सूज नसते. मग रुग्णाला ऐकवतात की नाटक करतोय, इंजेक्शनची सवय लागलीय. हे ऐकून मला संताप येतो. सिकलसेलमधली कळ मोजणारी तपासणी नाही. रुग्ण सांगतो तीच तपासणी.

झटका कशाने येतो हे मात्र ठाऊक आहे: पाणी कमी पिणं, थंडी, गार पाण्यात पोहणं, अति कष्ट, ताप. हायड्रॉक्सियुरिया नावाच्या स्वस्त गोळीने झटक्यांची संख्या घटते. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि तिचं लक्ष्य २०४७ आहे. तोवर उन्हाळ्यात शेतमजुरीला जाणाऱ्या रुग्णाच्या हाती पाण्याची बाटली आणि सावलीतली सुट्टी असणं, हाही उपचारच.

पोटातून पाठीत

स्वादुपिंड पोटाच्या पार मागच्या बाजूला, कण्याला जवळजवळ चिकटून असतं. म्हणून त्याचा जुना दाह वरच्या पोटातून आरपार पाठीत जातो. ओळखायची खूण: उताणं झोपलं की वाढतं, पुढे वाकून बसलं की हलकं होतं. अशा माणसाला जेवणानंतरच कळ येत असेल आणि मळ तेलकट होत असेल तर पाठीचा एमआरआय काढून हाती काहीच लागणार नाही.

आइन्स्टाइन यांना पोटाचे झटके येत. १९४८ मध्ये सर्जन रुडॉल्फ निसेन यांनी पोट उघडलं तेव्हा महाधमनी फुगून मोठी झालेली दिसली. कृत्रिम नळी बसवण्याचं तंत्र अजून आलं नव्हतं. निसेननी फुगवट्याभोवती सेलोफेन गुंडाळलं, खाऊच्या पुड्यांना असतो तोच पारदर्शक कागद! त्याने ऊतकं चिडावीत, भोवती कठीण थर धरावा आणि धमनी फुटू नये, ही कल्पना. त्यावर आइन्स्टाइन सहा वर्षांहून जास्त जगले. १९५५ च्या एप्रिलमध्ये ती धमनी फुटली. आज पोटाच्या साध्या सोनोग्राफीत हा फुगवटा दिसतो. साठी-पासष्टी उलटलेला, बीपी असलेला, बरीच वर्षं विडी-सिगारेट ओढलेला माणूस अचानक तीव्र पाठदुखीने घामाघूम झाला, तर तेल चोळत बसू नये, गाडी काढावी.

किडनीबद्दलची समजूत मात्र उलटी करावी लागेल. कंबर दुखली की लोक किडनी ‘गेली’ म्हणून धास्तावतात. किडनी हळूहळू निकामी होण्याचा आजार जवळजवळ कधीच दुखत नाही, आणि तोच त्याचा कावा आहे. दुखतो तो खडा, दुखतो तो जंतुसंसर्ग, आणि दुखतात त्या गाठींनी भरलेल्या वंशपरंपरागत किडन्या. निरोगी किडनी साधारण दीडशे ग्रॅमची, तर अशी किडनी काही किलोंची होऊ शकते. जागाही पाहून घ्या: किडन्या शेवटच्या बरगड्यांपाशी असतात, पट्टा बांधतो त्याच्या बऱ्याच वर. तरीही जुन्या किडनीरुग्णाची पाठ दुखू शकते, पण हाडांमुळे. ड जीवनसत्त्वाला कामाला लावणारी शेवटची पायरी किडनीतच घडते. ती अडली की उन्हात कितीही बसा, हाडं कच्चीच राहतात. आणि या रुग्णांनी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या किडनीचं उरलंसुरलं बळही घालवतात.

पाळीच्या दिवसांत कंबर तुटते, मांडीपर्यंत कळ जाते आणि पाळी सरली की ओसरते, असं महिनोन्‌महिने होत असेल तर ते बायकांनी सोसायचंच असतं असं नाही. एंडोमेट्रिओसिस जगात साधारण दहातल्या एका स्त्रीला असतो. गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक कधीकधी मांडीत उतरणाऱ्या मोठ्या मज्जातंतूपाशी रुजतं, आणि सायटिकाचं दुखणं पाळीच्या तारखा पाळू लागतं.

१८४५ मध्ये लंडनमध्ये मॅकबीन नावाच्या एका प्रतिष्ठित किराणा व्यापाऱ्याला हाडांच्या दुखण्याने ग्रासलं होतं. डॉक्टरांनी त्याची लघवी तापवली तर अजब प्रकार: उकळली की निवळायची, थंड झाली की पुन्हा घट्ट व्हायची. नमुना हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे गेला आणि त्या प्रथिनाला त्यांचं नाव पडलं. तो आजार होता मल्टिपल मायलोमा. पन्नाशी-साठीनंतर सततची पाठदुखी, सोबत रक्त कमी आणि किडनीचे आकडे बिघडलेले, हे तिन्ही एकत्र दिसले तर आजही डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव हेच येतं. प्रोस्टेटच्या कॅन्सरची पाठीकडे जायची वाट १९४० मध्ये ऑस्कर बॅटसन यांनी दाखवली. ओटीपोट आणि कणा यांना जोडणाऱ्या शिरांच्या जाळ्यात झडपाच नसतात, रक्त दोन्ही दिशांनी वाहू शकतं.

विहिरीच्या पाण्यातलं

काही गावांत पाठदुखी घरोघर असते. १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात अशी गावं डॉक्टरांच्या नजरेस आली. माणसांचे कणे ताठ झालेले, वाकता येत नाही, मान वळत नाही. दोष पाण्यातल्या फ्लोराइडचा होता. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत भूजलात ते जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की वर्षानुवर्षं पिणाऱ्याला धोका. पाणी उकळून उपयोग नाही, उलट पाण्याची वाफ होते आणि फ्लोराइड उरलेल्या पाण्यात अधिक दाट होतं. गावात आधी पाहावं ते मुलांच्या दातांकडे. तपकिरी-पिवळे डाग दिसले तर बोअरच्या पाण्याचा नमुना तपासायला द्यावा.

एमआरआय आणि अंथरूण

दीर्घ आजार असलेल्यांनाही साधी कंबरदुखी होतेच, बहुतेक वेळा तीच असते. म्हणून दोन जुने अभ्यास. १९९४ मध्ये अमेरिकेत ९८ अशा माणसांचा एमआरआय काढला ज्यांना पाठदुखी नव्हतीच. त्यांतल्या ५२ टक्के लोकांची किमान एक चकती फुगलेली निघाली. अहवालात ‘गादी सरकली’ लिहिलंय म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं असं नव्हे. १९९५ मध्ये हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर तिहेरी प्रयोग झाला. पाठ धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस अंथरूण, काहींना व्यायाम आणि काहींना “झेपेल तेवढी रोजची कामं करा” असं सांगितलं. रोजची कामं करणारे सगळ्यांत लवकर बरे झाले, अंथरुणात पडणारे सगळ्यांत उशिरा.

पण काही खुणा दिसल्या की तपासणीला थांबायचं नाही. लघवी अडकणं किंवा कळत-नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, बसायच्या जागी बधिरपणा, पायांतली ताकद ओसरणं: यातलं एकही दिसलं तर त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठावं, कारण कण्यातल्या दबलेल्या मज्जातंतूंची सुटका तासांच्या हिशेबाने करावी लागते. ताप आणि पाठदुखी एकत्र असेल आणि माणूस मधुमेही, डायलिसिसवरचा किंवा स्टिरॉइड घेणारा असेल, तरी थांबू नये. पूर्वी कॅन्सर होऊन गेला असेल तर तो कितीही जुना असला तरी डॉक्टरांना सांगावा. आणि बरोबर औषधांचा अख्खा डबा न्यावा, पुड्यांसकट.